डोळ्यांत तेल घालून

मराठीतले काही वाक्प्रचार शब्दशः घ्यायचे ठरवले तर मोठी पंचाईत होते. 'डोळ्यांत तेल घालून पहारा करणे' हा त्यांतलाच एक. दिवाळीच्या पहाटे पाटावर बसून ज्याने अंगाला तेल लावून घेतले आहे, आणि लावणाऱ्याचा हात ज्याच्या कपाळावरून जरा घाईने खाली घसरला आहे, त्याला हे चांगले ठाऊक असते. डोळ्यांत तेल गेल्यावर पहारा तर सोडाच, समोरचा तांब्यासुद्धा दिसत नाही! तरीही पहाऱ्याची गोष्ट निघाली की आपल्याला तेलच आठवते. मला वाटते, हा वाक्प्रचार ज्या कुणाच्या तोंडून पहिल्यांदा निघाला, त्याने रात्रभर जागणाऱ्या माणसाचे डोळे फार जवळून पाहिले असले पाहिजेत.

हे सारे सुचायला एक पहारेकरीच कारण झाला. हा पहारेकरी तीस-तीस तास डोळा मिटत नाही, जांभई देत नाही, तंबाखू मळत नाही, आणि तेलाची तर त्याला गरजच नाही. कारण तो माणूस नाही, विमान आहे. आणि त्या विमानातही माणूस नाही. 'सी गार्डियन' हे त्याचे नाव. आमच्या वहिनी त्याला 'रिकामं विमान' म्हणतात. आमच्या घरात सध्या हेच नाव चालते.

हे विमान आमच्यासारख्यांच्या घरात शिरावे कसे, असे कुणी विचारील. आमच्या तीन पिढ्यांत नोकरी झाली ती बँकेत, पोस्टात आणि शाळेत. समुद्राशी आमचा संबंध म्हणजे रविवारी संध्याकाळी चौपाटीवर भेळ खाण्यापुरता. पण दादाच्या मुलाने बारावीनंतर आम्हा सर्वांच्या सल्ल्याविरुद्ध बोटीचा रस्ता धरला, आणि आज तो एका मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. दादा गेल्यापासून वहिनी आमच्याच मजल्यावर, समोरच्या जागेत राहतात. मुलगा समुद्रावर असला की त्यांच्या घरात दोन घड्याळे चालतात. एक भिंतीवरचे, आपल्या वेळेचे. आणि दुसरे त्यांच्या मनातले, जहाज जिथे असेल तिथल्या वेळेचे. पहाटे साडेपाचला त्या चहाचे आधण ठेवता ठेवता मध्येच म्हणतात, "आत्ता त्याची रात्रीची ड्यूटी संपत आली असेल."

'ड्रोन' हा शब्द आमच्याकडे पहिल्यांदा आला तो लग्नाच्या मांडवातून. हल्ली फोटोवाले वरून चित्र घेण्यासाठी एक गुणगुणणारे यंत्र उडवतात, तेवढीच आमची ओळख. पुढे २०२३ चा डिसेंबर उजाडला. २३ तारखेला 'केम प्लूटो' नावाच्या रसायनवाहू जहाजावर अरबी समुद्रात ड्रोन येऊन आदळले. सौदी अरेबियातून मंगळूरला निघालेले जहाज, त्यावरची बहुतेक माणसे भारतीय, आणि ठिकाण आपल्या किनाऱ्यापासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर! सुदैवाने माणसे वाचली. नाताळच्या दिवशी ते जहाज मुंबईला येऊन लागले. पण त्या तीन दिवसांत वहिनींच्या कोशात 'ड्रोन' या शब्दाचा अर्थ कायमचा बदलला. जानेवारीत आमच्या मागच्या हॉलवर कुणाचे तरी लग्न होते आणि ते गुणगुणणारे यंत्र आमच्या गॅलरीसमोर येऊन तरंगू लागले. वहिनी ताडकन उठल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. त्यांना हसायची माझी छाती झाली नाही.

आमच्या सोसायटीत नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. खरे म्हणजे ते पेटी ऑफिसर होते. पण सोसायटीने त्यांना परस्पर 'कमांडर' करून टाकले आहे, आणि त्यांनीही ही बढती कधी नाकारलेली नाही. वहिनींची समजूत घालायला म्हणून मीच त्यांना बोलावले. ते म्हणाले, "वहिनी, घाबरता कशाला? आदळणारी ड्रोन्स असतात तशी राखणारीही असतात. आपल्या नौदलाची दोन मोठाली आहेत. अरबी समुद्रावर घिरट्या घालताहेत."

वहिनींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "चोराचं आणि पोलिसाचं आडनाव एकच, तर मी बाईमाणसानं ओळखायचं कसं?"

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. पण तिकडे मागाहून वळू.

कमांडरांनी सांगितलेली आणि मी नंतर वाचून पडताळून पाहिलेली हकिगत अशी. ही दोन विमाने भारतीय नौदलाने २०२० च्या नोव्हेंबरात 'जनरल अॅटॉमिक्स' या अमेरिकन कंपनीकडून भाड्याने घेतली. भाड्याने हा शब्द ऐकून माझ्यातला जुना बँक कारकून जागा झाला. घर भाड्याने घेतात, सायकल भाड्याने घेतात, लग्नात भांडी भाड्याने आणतात. पण देशाच्या राखणीचे विमान? तरी त्यात शहाणपण आहे. महाग वस्तू विकत घेण्याआधी ती आपल्या घरात कशी वागते ते पाहून घ्यावे, हे गृहिणी आपल्याला शिकवतातच. पहिल्या दोन वर्षांत या विमानांनी दहा हजार तासांची उड्डाणे केली.

त्याचा आकार मोठा चमत्कारिक आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख मोजले तर भरतात चोवीस मीटर. आपल्या बेस्टच्या दोन दुमजली बसगाड्या एकापुढे एक उभ्या केल्या तरी पंख थोडे उरतील. आणि अंग मात्र सडपातळ, बगळ्यासारखे. एकच इंजिन, आणि त्याचा पंखा पुढे नव्हे, शेपटीकडे. घाई त्याला माहीत नाही. प्रवासी विमान ज्या वेगाने जाते त्याच्या निम्म्यानेही हे जात नाही. आणि त्याचे सारे मोठेपण या न धावण्यातच आहे. लांब, अरुंद पंख हवेवर अलगद टेकून राहतात, इंजिन बेताने इंधन पिते, आणि म्हणूनच ते एका उड्डाणात तीस तासांहून अधिक वेळ वर राहू शकते. आभाळात घार पाहिली आहे ना? तिला कुठे जायचे नसते. तिला तिथेच असायचे असते.

आणि 'तिथे' म्हणजे चाळीस हजार फुटांपर्यंत. या उंचीचा हिशोब मी एका दुपारी वहीत मांडून पाहिला. चौपाटीच्या वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला पाणी आणि आभाळ मिळते ती रेघ जेमतेम साडेचार किलोमीटरवर असते. आपल्याला वाटते की समुद्र अथांग दिसतो आहे. प्रत्यक्षात आपण गिरगावाहून दादरपर्यंतसुद्धा पाहत नसतो. चाळीस मीटर उंचीच्या दीपगृहावर चढलो तर तीच रेघ बावीस-तेवीस किलोमीटरवर जाते. बारा किलोमीटर वर गेलो, तर ती पळते थेट तीनशे नव्वद किलोमीटरवर! कान्होजी आंग्र्यांच्या गलबतांत डोलकाठीच्या शेंड्यावर चढणारा पोरगा आणि हे विमान, दोघांची युक्ती एकच. उंच चढ, म्हणजे शत्रू आधी दिसेल. फरक इतकाच की पोरगा थकला की खाली उतरत असे.

पण मला सगळ्यात नवल वाटले ते त्याच्या वैमानिकाचे. तमिळनाडूत अरक्कोणम म्हणून गाव आहे. तिथे नौदलाचा 'आयएनएस राजाळी' हा विमानतळ आहे. (आपल्या नौदलाने आपल्या विमानतळांना पाखरांची नावे देण्याचा मोठा सुरेख रिवाज पाळला आहे. गोव्याला हंस, कोचीला गरुड, आपल्या कुलाब्याला शिक्रा. राजाळी हाही तमिळमधला एक मोठा शिकारी पक्षीच.) तर हा वैमानिक जमिनीवर एका खोलीत खुर्चीवर बसतो. शेजारी दुसरा बसतो, त्याच्या हाती कॅमेरे आणि रडार. खुर्चीतली आज्ञा उपग्रहापर्यंत जाते आणि उपग्रहाकडून विमानाकडे. विमानाला दिसलेले त्याच वाटेने परत येते. पूर्वीची इस्राएली बनावटीची मानवरहित विमाने नौदलाने २००६ सालीच कोचीला आणून ठेवली होती. पण ती किनाऱ्यावरच्या केंद्राशी सरळ रेषेत बोलत, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे फार दूर गेली की बोलणे तुटे. उपग्रहाने ही अडचण दूर केली.

आता गंमत पाहा. विमान तीस तास वर आहे, पण माणूस काही तीस तास खुर्चीत बसू शकत नाही. म्हणून तिथे पाळ्या लागतात. आपल्या गिरणगावात लागत होत्या तशा पहिली, दुसरी आणि तिसरी. पहिल्या पाळीचा वैमानिक उठतो, दुसऱ्याला खुर्ची देतो, घरी जाऊन जेवतो, मुलांचा अभ्यास घेतो, झोपतो, सकाळी दाढी करून परत येतो; आणि त्याने सोडलेले विमान अजून समुद्रावरच असते! आकाशातल्या विमानाखाली बदली होते, पण विमानाला पत्ता नाही. डबा घेऊन युद्धावर जाण्याची ही तऱ्हा मला अजून पचलेली नाही. तरी वाईट आहे असेही म्हणवत नाही. ज्याच्या घरचे वाट पाहतात तो संध्याकाळी घरी येतो, यात वाईट काय आहे?

परंतु मला सांगायची आहे ती जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यातली हकिगत.

जहाजावरच्या माणसांच्या घरचे लोक हल्ली काय करतात हे कदाचित सर्वांना ठाऊक नसेल. मोठ्या जहाजांवर एक यंत्र असते. ते आपले नाव, आपली जागा, आपला वेग आणि दिशा सतत सांगत राहते. आंतरराष्ट्रीय सफरींवरच्या मोठ्या जहाजांना ते बाळगणे सक्तीचे आहे; टक्कर टळावी हा मूळ हेतू. त्याचे बोल झेलून कुणी कुणी नकाशे बनवतात, आणि ते नकाशे मोबाईलवर दिसतात. निळ्या समुद्रावर जहाज म्हणजे एक लहानसा रंगीत बाण. वहिनींना चष्मा लावूनही वर्तमानपत्राचे बारीक टाइप दिसत नाही, पण हा बाण त्यांना अंधारातही दिसतो. पुतण्याचे जहाज तेव्हा सुवेझ कालव्यातून तांबड्या समुद्रात उतरले होते. त्या पाण्यात २०२३ च्या नोव्हेंबरपासून जहाजांवर हल्ले चालू होते, आणि कित्येक कंपन्या आपली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून आणू लागल्या होत्या. त्याच्या कंपनीने वळसा घातला नाही.

३ जानेवारीला संध्याकाळी तो बाण थांबला. पुसला गेला असता तर निदान यंत्र बिघडले असे म्हणता आले असते. तो होता तिथेच राहिला, खाली लिहिलेली वेळ तेवढी जुनी होत गेली. चार तासांपूर्वी, नऊ तासांपूर्वी, एक दिवसापूर्वी. निरोपही येईनात. कमांडर म्हणाले, "धोक्याच्या पाण्यात कप्तान ते यंत्र मुद्दाम बंद करतो. बाण तुम्हाला दिसतो तसा दुष्मनालाही दिसतो ना! बंद आहे म्हणजे कप्तान शहाणा आहे." बोलणे बरोबर होते. पण आपले पोर सुरक्षित असण्याची खूण म्हणजे ते दिसेनासे होणे, हे आईला कुणी पटवून द्यावे?

५ तारखेला बातमी आली की सोमालियाच्या बाजूला एका मालवाहू जहाजावर पाच-सहा हत्यारी माणसे चढली आहेत आणि जहाजावर पंधरा भारतीय आहेत. नाव 'लीला नॉरफोक' असे होते. पुतण्याच्या जहाजाचे नव्हते. वहिनींनी नाव वाचले, मान डोलावली, आणि तरीही दिवसभर त्या दूरदर्शन संचापुढून हलल्या नाहीत. नौदलाने 'आयएनएस चेन्नई' ही विनाशिका तिकडे वळवली होती. तिच्यापुढे गस्ती विमान गेले होते, आणि त्या कामाला नौदलाने जे काही जुंपले त्यात आमचे रिकामे विमानही होते. खलाशी जहाजाच्या आत एका मजबूत खोलीत कोंडून घेऊन बसले होते. संध्याकाळपर्यंत नौदलाचे कमांडो जहाजावर उतरले. चाचे आधीच पळालेले. एकवीसच्या एकवीस माणसे सुखरूप बाहेर आली.

त्या रात्री साडेअकराच्या सुमारास वहिनींनी आमचे दार वाजवले. हातात मोबाईल. "भाऊजी, एक विचारू? ते जे वर आहे, त्यालाही असला बाणच दिसतो का? मग आमचा बंद आहे, तो त्याला कसा दिसायचा?"

मी कमांडरांनाच झोपेतून उठवले. ते बिचारे बनियनवर आले आणि त्यांनी जे सांगितले ते मी जन्मात विसरणार नाही. ते म्हणाले की बाण दिसतोच. पण बाण नसला तरी रडार पाण्यावरचे लोखंड शोधते. उलट ज्याचा बाण नाही आणि रडारवर मात्र ठिपका आहे, त्याच्याकडे ते अधिक निरखून पाहते. आता इतक्या दुरून ठिपक्याचे जहाज कसे ओळखायचे? तर जहाज लाटांवर डुलते. डोलकाठी जास्त हलते, पोट कमी हलते, नाळ वर जाते, वरवर खाली येते. या प्रत्येक हालचालीने परतणाऱ्या लहरींत थोडा थोडा फरक पडतो, आणि त्या फरकांतून यंत्र जहाजाची आकृती काढते. रात्र असो, ढग असोत.

"म्हणजे बोट हलते म्हणून ती दिसते?" वहिनींनी विचारले.

"अगदी बरोबर. हलली नाही तर नुसता ठिपका."

सहा-सात वर्षे ही बाई रोज देवापुढे 'समुद्र शांत असू दे' म्हणत आली आहे. त्या रात्री जिना उतरता उतरता थांबली आणि म्हणाली, "मग थोडी हलू दे."

७ तारखेला दुपारी बाण हलला. तो एकदम शेकडो मैल पुढे, अरबी समुद्रात येऊन उभा होता. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी आमच्याकडे दोन वाट्या जास्त शिरा आला, एवढेच.

आता चोर आणि पोलीस यांच्याकडे वळू. वरून पाहणाऱ्याला पाण्यावर काय दिसते? होड्या दिसतात. आपल्या किनाऱ्यालगत तर त्या ताऱ्यांइतक्या. जाळी टाकणारा कोळी आणि जहाजावर चढू पाहणारा चाचा, दोघांचीही होडी लहान, दोघेही उघड्या अंगाचे, दोघेही वेळी-अवेळी हिंडणारे. जाणकार म्हणतात की जाळी नाहीत आणि शिडी आहे, तर समजावे की मासे धरायला आलेला नाही. पण इतके निरखून पाहण्याइतका धीर हवा. २०१२ च्या फेब्रुवारीत केरळच्या किनाऱ्यापुढे एका इटालियन तेलवाहू जहाजावरच्या रक्षकांनी दोन मच्छिमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या. त्या बिचाऱ्यांना नीट पाहणारा डोळा त्या दिवशी कुणाकडे नव्हता. आणि याच्या उलट, २००८ च्या नोव्हेंबरात 'कुबेर' ही आपलीच मासेमारी नौका पळवून दहा जण मुंबईपर्यंत आले. ती नौका कुणा यंत्राला खटकली नाही. रबरी होडीतून ते कुलाब्याच्या कोळीवाड्यापाशी उतरले, तेव्हा त्यांना हटकले ते तिथल्या कोळ्यांनीच. म्हणून समुद्राच्या राखणीच्या गप्पा निघाल्या की मला त्या कोळीवाड्याची आठवण काढावीशी वाटते. साठ-सत्तर वर्षे एकाच पाण्याकडे पाहिलेला डोळा परके काय ते ओळखतो.

यंत्राचा डोळा मिटत नाही, हे कबूल. पण त्या डोळ्यामागे शेवटी माणूसच बसतो, आणि माणसाचा डोळा कसा असतो यावर एक जुना प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या ब्रिटिश विमानांतले रडारवाले तासन् तास पडद्याकडे पाहत बसत, आणि समोर आलेली खूण कधी कधी त्यांच्या नजरेतून निसटे. असे का होते हे शोधण्याचे काम नॉर्मन मॅकवर्थ या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञाकडे आले. त्याने एक बिनआकड्यांचे घड्याळ केले. त्याचा काटा ठरावीक टप्प्याने सरके. मधूनच केव्हातरी एकदम दुप्पट उडी घेई. ती उडी दिसली की कळ दाबायची, इतकेच काम. आणि बसायचे दोन तास. आढळले ते असे की पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसे उड्या चुकवू लागतात. आळशी माणसे नव्हेत, निवडक, तरुण, शिकवलेली माणसे. कारण थकवा नव्हे. काहीच घडत नाही, हे कारण.

आणि समुद्रावर बहुधा काहीच घडत नसते. विमान तीस तास जागे राहते, पण त्याने दाखवलेले निळे, रिकामे पाणी अर्ध्या तासाहून अधिक वेळ जागेपणी पाहायचे कसे, हा प्रश्न त्या अरक्कोणमच्या खोलीतला आहे. म्हणून आता यंत्रालाच सांगतात की ठिपके तूच मोज, वेगळे काही वाटले तरच माणसाला हाक मार. वेगळे म्हणजे काय, हे मात्र त्याला आधी कुणीतरी माणसानेच शिकवावे लागते. वहिनींना मी हा प्रयोग सांगितला. त्या म्हणाल्या, "त्या साहेबानं प्रयोगाला बायका घेतल्या होत्या का? मुलं बोटीवर असलेल्या?"

२०२४ च्या मार्चमध्ये 'रुएन' जहाजाचे प्रकरण झाले. चाच्यांनी आदल्या डिसेंबरात पळवलेले ते जहाज आपल्या 'आयएनएस कोलकाता'ने आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर गाठले. चाळीस तास ती झटापट चालली. हवाई दलाच्या विमानातून कमांडो आणि त्यांच्या होड्या समुद्रात टाकल्या गेल्या. आकाशात लांब पल्ल्याची गस्ती विमाने आणि रिकामे विमान. शेवटी पस्तीस चाचे शरण आले आणि सतरा खलाशी सुटले. त्या सतरांत भारतीय एकही नव्हता, हे मला विशेष वाटले. २३ मार्चला चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. वर्तमानपत्रात त्यांचे छायाचित्र होते. ओळीने बसवलेली, हाडकुळी पोरे. वहिनींनी ते बराच वेळ पाहिले. नंतर म्हणाल्या, "यांच्या आया कुठला बाण बघत असतील?"

पुढे १८ सप्टेंबर २०२४ ला, नेहमीच्या गस्तीवर असताना, त्या दोन विमानांपैकी एक बिघडले. वरचे यंत्र काही केल्या ताळ्यावर येईना, तेव्हा ते चेन्नईपुढे बंगालच्या उपसागरात पाण्यावर उतरवून सोडून दिले. मी बातमी वाचून दाखवली. वहिनींनी सवयीने विचारले, "कुणाला लागलं का?"

"आत कुणी नव्हतंच, वहिनी."

"ते ठाऊक आहे मला. ते चालवणारा?"

"तो खुर्चीत. अरक्कोणमला."

"हो, पण त्याला काय वाटलं असेल?"

याचे उत्तर माझ्यापाशी नाही. विमान बुडते आहे आणि वैमानिकाच्या शेजारी चहाचा कप तसाच आहे, अशी वेळ माणसावर पूर्वी कधी आली नव्हती. तिच्यासाठी आपल्याकडे शब्दही नाही. पण नफा-तोट्याचा हिशोब माझ्यासारख्या कारकुनाला कळतो. गस्ती विमान असे पडले असते तर आठ-दहा घरांतले दिवे विझले असते. इथे लोखंड बुडाले.

महिन्याभरातच, १५ ऑक्टोबरला, सरकारने अशी एकतीस विमाने विकत घेण्याचा करार केला. पंधरा नौदलाला, आठ-आठ भूदल आणि वायुदलाला. किंमत बत्तीस हजार कोटींच्या घरात. माझी सारी नोकरी दुसऱ्यांच्या पैशांवरची शून्ये मोजण्यात गेली, तरी या रकमेची शून्ये मांडताना मला दोनदा थांबावे लागले. एवढ्या पैशात काय काय होईल याची यादी कुणीही करू शकेल, आणि ती यादी खोटी नसेल. पण ३ ते ७ जानेवारी या चार दिवसांत आमच्या मजल्यावर कुणी ती यादी वाचून दाखवायला आला असता, तर त्याला वहिनींनी चहा विचारला असता की नाही याची मला शंका आहे.

पुतण्या रजेवर आला तेव्हा मी त्याला मोठ्या उत्सुकतेने विचारले, "काय रे, तुम्हाला दिसतं का ते विमान?"

तो हसला. "काका, ते इतक्या उंचावर असतं, दिसणार कसं? आवाजही येत नाही. आम्हाला आपला रेडिओ ऐकू येतो. रात्री तीन वाजता सोळा नंबरच्या चॅनेलवर कुणीतरी आपल्या इंग्रजीत विचारतं, कुठून आलात, कुठे चाललात, बोटीवर भारतीय किती? ते 'भारतीय किती' ऐकलं की बरं वाटतं."

"आणि तुम्ही स्वतः काय करता? नुसते बसता?"

"नुसते कसले! कठड्याला काटेरी तारा बांधतो, पाण्याचे फवारे जोडून ठेवतो, डोळ्यांत तेल घालून पहारा देतो. माणसं कमी पडतात, म्हणून डेकवर बाहुलेपण उभे करतो."

"बाहुले?"

"बुजगावणी हो, काका! जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरायच्या, डोक्यावर हेल्मेट, हातात एखादा पाइप. दुरून वाटावं की पहारेकरी उभा आहे. एकाला तर आम्ही नावसुद्धा ठेवलंय. रात्री राउंडवर गेलं की मी त्याला गुड इव्हनिंग म्हणतो."

वर माणसांवाचून विमान, खाली माणसांवाचून माणूस! मी खो-खो हसलो. वहिनी भाजी निवडत बसल्या होत्या; त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "डेकवर रात्री वारं फार असतं का रे?"

"फार. जानेवारीत तर कानाला झोंबतं."

आठ दिवसांनी तो परत निघाला तेव्हा बॅग भरायला मी मदतीला गेलो होतो. मेतकूट, लसणीची चटणी, चिवड्याचे दोन डबे. सगळ्यांत खाली, घडी करून, दादाचा जुना तपकिरी स्वेटर होता. तो पुतण्याला लहान होतो, हे मला माहीत होते. मी वहिनींकडे पाहिले.

"त्याच्यासाठी नाही," त्या चेन ओढता ओढता म्हणाल्या, "त्या उभ्या असलेल्यासाठी आहे."